कोरडा ओढा आणि नऊ मीटर



उन्हाळ्याच्या दिवसांत अहमदपूरच्या आसपासचा एखादा ओढा परक्या माणसास दाखविला, तर त्यास ओढा कां म्हणावें असा प्रश्न त्याला पडल्यावांचून राहणार नाहीं. महिनोन्‌महिने त्यांत पाण्याचा थेंब नसतो. तळाशीं गोटे, कडेला निर्गुडी आणि बाभळी, कोठें शिंदीचें एखादें झाड. बैलगाडीची चाकोरी त्यांतूनच गेलेली, आणि शाळा सुटल्यावर मुलें तेथेंच आपला डाव मांडतात. बालाघाटच्या ह्या पठाराचा स्वभावच असा आहे. मोठा पाऊस आला कीं घटकाभरांत छातीइतकें पाणी, आणि पाऊस थांबला कीं दुसऱ्या दिवशीं पुनः गोटे. अशा ओढ्यास नदीचा मान कोण देणार? परंतु आपल्या देशाच्या कायद्यानें तो दिला आहे. १९७४ सालच्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमांत प्रवाह ह्या शब्दाची व्याख्या करतांना नदीबरोबर जलमार्गहि घातला असून, तो वाहता असो किंवा त्या वेळेपुरता कोरडा असो, असा उघड खुलासा केला आहे. ज्या कोणीं हा खुलासा घातला, त्यानें मराठवाड्यांतील ओढे चैत्रांत पाहिले असावेत असें मला नेहमीं वाटतें.

ह्या कोरड्या ओढ्याची कड कोणी राखावी, ती किती राखावी, आणि ती मोजावयाची कोठून, ह्याविषयीं मी आज बोलणार आहें. विषय रुक्ष आहे. परंतु ज्यांनीं आयुष्याची पुंजी घालून गांवाबाहेर जागा घेतली आहे किंवा घ्यावयाची आहे, त्यांनीं तो थोडा धीर धरून ऐकावा.

आमच्याकडील गांवें आतां रस्त्यांच्या कडेनें झपाट्यानें वाढत आहेत. कालपर्यंत ज्या रानांत ज्वारी आणि तूर उभी होती, तेथें मुरुमाचे रस्ते पडतात, चुन्यानें रंगविलेले दगड रोवले जातात आणि फलक उभा राहतो. लोक ह्यास प्लॉटिंग म्हणतात, व हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं, त्यास दुसरा शब्द शोधण्यांत अर्थ नाहीं. रानांतून ओढा जात असेल, तर शेतकऱ्यास तो सोयीचा असतो; विहिरीला त्याचें पाणी लागतें, गुरें तेथें उतरतात. त्याच रानाचें प्लॉटिंग झालें कीं ओढा म्हणजे बुडीत जागा. मग एक यंत्र येतें, दोन दिवस मुरूम ढकलतें, वीस हात रुंदीचा ओढा सहा हातांवर येतो, आणि पुढल्या वर्षीं त्या सहा हातांच्या जागीं सिमेंटचे नळे बसवून वर माती लोटली जाते. वैशाखांत जागा पाहावयास आलेल्या गृहस्थास काय दिसतें? सपाट, कोरडी, स्वच्छ जमीन. ओढा कोठें होता हें सांगणारें तेथें कांहीं उरलेलें नसतें. मी रोज सकाळीं ज्या वाटेनें फिरावयास जातों, त्या वाटेवर असा एक ओढा होता. आतां तेथें घरें आहेत. भाद्रपदांत एखादा जोराचा पाऊस झाला, कीं त्यांपैकीं सहा-सात घरांतील माणसें धान्याचीं पोतीं पलंगावर चढवून रात्रभर जागीं राहतात. घर बांधणारीं हीं माणसें लबाड नव्हत; त्यांनीं रीतसर खरेदीखत केलें आहे. विकणारा मात्र दुसऱ्या गांवीं दुसरें रान मोजतो आहे.

आतां नियम काय म्हणतात तें पाहूं. पहिली गोष्ट ही कीं, ओढ्याचें पात्र कोणाच्याहि मालकीचें नसतें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या विसाव्या कलमाप्रमाणें नद्या, ओढे, नाले, तळीं ह्यांचीं पात्रें सरकारचीं आहेत. सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून जी नोंद असते, तिचेहि दोन प्रकार आहेत. एक 'अ', म्हणजे खडकाळ वगैरे, पिकास निकामी जमीन. आणि दुसरा 'ब', म्हणजे रस्ता, इतरांच्याहि उपयोगाचा ओढा किंवा तळें, स्मशान, अशा सार्वजनिक कामाकडे असलेली जमीन. पुष्कळ लोक पोटखराब शब्द वाचून पुढें जातात. 'अ' कीं 'ब' हें विचारीत नाहींत. त्या एका अक्षरांत ओढा दडलेला असूं शकतो.

दुसरी गोष्ट कडेची. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्यें अमलांत आली. तींत असें ठरविलें आहे कीं, लहान जलमार्गाच्या, म्हणजे नाला, कालवा ह्यांच्या, पाण्याच्या कडेपासून ९ मीटर, आणि नदीसारख्या मोठ्या जलमार्गाच्या पाण्याच्या कडेपासून १५ मीटर, एवढ्या अंतरांतील जागा बांधकामास चालावयाची नाहीं. नऊ मीटर म्हणजे सुमारें तीस फूट. नियम वाईट नाहीं. परंतु तो वाचतांना मला एक शंका येते, आणि माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तीच आहे. टेप नऊ मीटर ओढावयाची हें खरें. पण टेपेचें पहिलें टोक कोठें ठेवावयाचें? पाण्याच्या कडेवर. आणि ज्या ओढ्यांत पाणीच नाहीं, त्याच्या पाण्याची कड कोठें? ऐन वैशाखांत मोजणारा आला तर तो पात्राच्या मधोमध जी पाणथळ रेघ उरली असेल तेथून मोजेल. मुरूम लोटल्यावर आला तर नळ्याच्या कडेपासून मोजेल. दोन्ही वेळां कागदावर नऊच मीटर येतील, आणि दोन्ही वेळां घर ओढ्यांतच बसेल. हेंच माप आषाढांत, पुराची काडीकचऱ्याची रेघ काठावर ताजी असतांना घेतलें, तर घर तीस-चाळीस फूट मागें सरकतें. नियम एकच, टेप एकच. महिना तेवढा निराळा.

ह्याच नियमास आणखी एक फाटा आहे. लहान जलमार्ग सखल जमिनींतून जात असून त्यास ठळक काठ नसतील, तर अधिकाऱ्यानें ठरवून दिलेल्या मार्गानें व मापानें त्यास आवरण्याची किंवा वळविण्याची परवानगी देतां येते. सखल भागांत पाणी पसरून राहतें, त्यास शिस्त लावावी, हा हेतु योग्यच आहे. पण काळ्या जमिनींतले आमचे कितीतरी ओढे मुळीं ठळक काठाचे नसतातच. त्यांच्या बाबतींत हा फाटा दार बनतो, आणि दार एकदां किलकिलें झालें म्हणजे आंत कोण कोण शिरतें हें सांगावयास नको.

मोठ्या नद्यांसाठीं ह्याहून पक्की सोय आहे. १९८९ सालापासून पाटबंधारे खात्यानें पूररेषांची पद्धति घातली. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोहोंचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोहोंचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत बांधकाम मना. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्यें अटींवर परवानगी. ह्या रेषा मोठ्या नद्यांच्या कांठीं, मोठ्या शहरांतून आंखल्या गेल्या. गांवकुसाच्या ओढ्याला निळी रेषा कोण आंखणार? आणि पूर कांहीं मोठ्या नदीलाच येतो असें नाहीं. पुण्याचा आंबिल ओढा हा नांवाप्रमाणें ओढाच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्यानें भिंती पाडल्या, मोटारी वाहून नेल्या आणि माणसें दगावलीं. आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यांत २०२५ च्या ऑगस्टांत लेंडी नदीच्या पाण्यानें काय केलें, तें येथील लोकांस सांगावें लागत नाहीं.

इथवर पाण्याच्या जागेचा विचार झाला. त्याच्या शुद्धतेचा विचार ह्यापासून निराळा काढतां येत नाहीं. पण सरकारदरबारीं तो निराळा काढला आहे, आणि माझी खरी तक्रार तेथेंच आहे. महाराष्ट्रानें ह्या बाबतींत देशाच्या आधीं पाऊल टाकलें होतें. १९६९ सालीं राज्यानें स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, व त्याखालीं ७ सप्टेंबर १९७० रोजीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. केंद्राचा १९७४ चा कायदा राज्यानें १ जून १९८१ पासून स्वीकारला. त्या कायद्याचें मुख्य सूत्र संमति हें आहे. घाण पाणी प्रवाहांत, विहिरींत, गटारांत किंवा जमिनीवर सोडावयाचें असेल, तर त्या सोडण्याच्या जागेस मंडळाची आधीं संमति पाहिजे. हें केवळ कारखान्याच्या पाण्याविषयीं आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. तसें नाहीं. घरगुती सांडपाणीहि त्यांत आहे, आणि उघड्या गटारांतून वाहणारें मोरीचें पाणीहि व्याख्येंत आलें आहे.

शब्दांचें जाळें इतकें बारीक असतां मासे निसटतात कसे? त्याचें कारण असें कीं, प्रत्यक्षांत संमतीची विचारणा होते ती कारखान्यांकडे, नगरपालिकांकडे आणि मोठ्या बांधकामांकडे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणें २०,००० चौरस मीटर बांधकामाच्या पुढें पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते. पुण्या-मुंबईच्या मनोऱ्यांस हें माप ठीक आहे. आमच्याकडील चाळीस प्लॉटांचें रेखांकन ह्या उंबरठ्याशीं कधीं पोहोंचतच नाहीं. कारण येथें बांधकाम करणारा एक नसतो, चाळीस असतात, आणि तेहि दहा-पंधरा वर्षांत एकेक करून बांधतात. रेखांकन मंजूर करणारा रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, नकाशा पाहतो. ह्या चाळीस घरांचें पाणी अखेर कोठें जाईल, ह्याचा निकाल त्या बैठकींत लागत नाहीं. तें जातें ओढ्यांत. मंडळाचें कार्यालय दूर, त्याच्याकडे हें प्रकरण कधीं गेलेंच नाहीं. अंतर पाहणारें खातें एक, पाणी पाहणारें खातें दुसरें, आणि ओढा त्या दोहोंच्या मधून वाहतो.

ओढ्याची कड ही नुसती पुरापासून बचावाची जागा नव्हे. तिचें काम पाहण्यासारखें आहे. उतारावरून येणारें पाणी जेव्हां हराळींत, लव्हाळ्यांत शिरतें, तेव्हां त्याचा वेग मोडतो. वेग मोडला कीं त्यानें आणलेली माती खालीं बसते, आणि मातीस चिकटून आलेलीं खतें व घाणहि तिच्याबरोबर बसतात. करंज, जांभूळ, उंबर ह्यांचीं मुळें काठ धरून ठेवतात. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पहिल्या पावसांत ढासळते, म्हणून ह्या मुळांची गरज येथें इतर ठिकाणांपेक्षां अधिक. शिवाय आमच्या पायाखालीं काळा खडक आहे. पाणी साठतें तें त्याच्या वरच्या झिजलेल्या, मुरुमाड थरांत. हा थर ओढ्याच्या कडेला पुष्कळ ठिकाणीं जाड असतो. म्हणूनच जुन्या लोकांनीं विहिरी ओढ्याजवळ खोदल्या. ज्या वाटेनें ओढ्याचें गोड पाणी विहिरींत झिरपत असे, त्याच वाटेनें आतां संडासाच्या टाकीचें पाणीहि झिरपतें. वाट तीच राहिली. वाहणारी वस्तु बदलली. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या विहिरीस वास येऊं लागला, म्हणजे तो दैवास बोल लावतो. वरच्या अंगाच्या रेखांकनावर कोणाची सही आहे हें त्यास ठाऊक नसतें.

नदीच्या कडेपासून उद्योगधंदे दूर ठेवण्याचें एक धोरण ह्या राज्यांत पंधरा वर्षें होतें, हें आज पुष्कळांच्या विस्मरणांत गेलें आहे. सन २००० मध्यें शासनानें नदी नियमन क्षेत्राचें धोरण काढलें व २००९ सालीं तें सुधारलें. नद्यांचे पाण्याच्या गुणाप्रमाणें चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गाच्या नदीपासून दोन्ही बाजूंस ३ किलोमीटर, दुसऱ्या वर्गाच्या नदीपासून १ किलोमीटर, आणि खालच्या वर्गांच्या नद्यांपासून अर्धा किलोमीटर नवा उद्योग नको, असा त्याचा मथितार्थ होता. फेब्रुवारी २०१५ मध्यें तें धोरण रद्द झालें. इतर राज्यांत असें बंधन नाहीं, त्यामुळें उद्योग अडतात, आणि पाण्याचा कायदा व मंडळ हीं आहेतच, अशी त्याची कारणमीमांसा होती. तींत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. सरसकट तीन किलोमीटरची पट्टी म्हणजे कोठें कोठें सगळा तालुका बांधून टाकणें होतें, आणि नदीपासून सव्वातीन किलोमीटरांवरील कारखान्याचें पाणी नाल्यानें नदींत येतच होतें. तथापि जुनें वस्त्र ढगळ झालें म्हणून तें फाडून टाकलें आणि मापाचें नवें शिवलें नाहीं, हें कांहीं शहाणपणाचें झालें नाहीं. केंद्रीय मंडळानें २०१८ सालीं देशांतील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले, त्यांत महाराष्ट्राचे ५३ होते. २०२२ च्या मोजणींत देशाचा आंकडा ३११ वर उतरला, आणि आपला ५५ वर चढला. दोन्ही वेळां सर्व राज्यांत आपलाच आंकडा मोठा होता.

परदेशांत काय करतात तें पाहूं गेल्यास एक फरक चटकन लक्षांत येतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांत १९७५ च्या कायद्याप्रमाणें ओढ्याच्या कडेस सामान्यतः २५ फूट आणि ट्राउट नांवाचा मासा असणाऱ्या थंड पाण्याच्या ओढ्यांस ५० फूट पट्टी सोडावी लागते. म्हणजे आपल्या नऊ नि पंधरा मीटरांच्या शेजारचेंच माप. परंतु तेथें ती पट्टी झाडाझुडुपांसह जशीच्या तशी राखावी लागते. ती उकरणें हाच गुन्हा. आपला नियम बांधूं नका एवढेंच म्हणतो. त्यामुळें आपली नऊ मीटरची पट्टी बांधकाम न होतांहि मरते. तीवर मुरूम पडतो, मोटारी उभ्या राहतात, आणि अखेर गांवाचा उकिरडा तेथें जातो. दुसरें असें कीं, त्या देशांत २००३ पासून एक एकर किंवा अधिक जमीन बांधकामासाठीं उकरावयाची असेल, तर पावसाच्या पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाबद्दल आधीं परवाना घ्यावा लागतो. तेथें एक एकर जमीन उकरली कीं प्रश्न विचारतात. येथें वीस हजार चौरस मीटर बांधकाम होईतों थांबतात. एका वर्षीं दहा एकर रान उकरून तसेंच पावसाळ्याच्या स्वाधीन केलें, तर त्यांतून किती माती वाहते, हें ज्यानें आषाढांत तांबूस झालेला ओढा पाहिला आहे त्यास कोष्टक मांडून दाखवावें लागत नाहीं. ही माती कोठें जाते? आमच्या तालुक्याचें पुष्कळ पाणी मन्याड नदीकडे उतरतें. मन्याडवर लिंबोटीस आणि त्याखालीं बारूळला धरणें आहेत. मातीला तेथें बसण्यास जागा भरपूर आहे. तेवढी पाण्याची जागा कमी होते.

आणि पाण्याची जागा कमी होणें म्हणजे काय, हें आमच्या जिल्ह्यास कोणी शिकवूं नये. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा डबे, पांच लाख लिटर पाणी. लोक फलाटावर तिच्या स्वागतास गेले होते. ज्या जिल्ह्यानें पाणी आगगाडींतून उतरवून घेतलें, त्या जिल्ह्यांत ओढे मुरुमानें बुजविले जातात, ह्याचा मेळ मला लावतां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीं तर तो अन्याय होईल. दोन एकरांच्या धन्याची अडचण खरी आहे. त्याच्या रानांतून शंभर मीटर ओढा जात असेल, तर दोन्ही कडांचे नऊ-नऊ मीटर सोडल्यास १,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अठरा गुंठे जमीन अडकते. ऐंशी गुंठ्यांतले अठरा. मुलीच्या लग्नासाठीं किंवा कर्ज फेडण्यासाठीं रान विकावयास निघालेल्या माणसास हें सांगणें सोपें नाहीं. म्हणूनच मला वाटतें कीं, नियमाची कठोरता वाढविण्यापेक्षां त्याची जुळणी नीट करावी. ४,००० चौरस मीटर व त्यांहून मोठ्या रेखांकनांत दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. ही मोकळी जागा पुष्कळदां एखाद्या कोंपऱ्यांत, कोणास नको असलेल्या तुकड्यावर दाखविली जाते. ती ओढ्याच्या कडेला लागून घेतली, तर झाडांस जागा मिळेल, मुलांस खेळावयास मिळेल, आणि कडेचा पट्टा उकिरडा होणार नाहीं. कारण रोज ज्यावर दहा माणसें बसतात तेथें कचरा टाकण्यास माणूस कचरतो. तसेंच रेखांकनाच्या अर्जाबरोबर सांडपाण्याचा नकाशा मागावा, आणि चाळीस घरांचें पाणी एकत्र मुरविण्याची किंवा शुद्ध करण्याची जागा त्यांत दाखविल्याखेरीज पहिला प्लॉट विकूं देऊं नये. ह्यास नवा कायदा लागत नाहीं. नगरपालिकेनें मंजुरीच्या अटींत दोन ओळी घातल्या तरी पुरे.

आणि टेपेचें पहिलें टोक. तें पावसाळ्यांत ठरावें. ज्या गटांतून ओढा जातो, त्या गटाची पाहणी श्रावण-भाद्रपदांत करून पुराच्या खुणेवर दोन्ही बाजूंस दगड रोवावेत, त्यांची नोंद नकाशावर घ्यावी, आणि मगच नऊ मीटर मोजावेत. एका गांवांतील ओढ्यांच्या अशा खुणा घालण्यास एक पावसाळा आणि चार माणसें पुरतील. तलाठी, मोजणीदार, नगरपालिकेचा अभियंता, आणि ज्यानें त्या ओढ्याचे पन्नास पूर पाहिले आहेत असा एखादा म्हातारा शेतकरी. शेवटच्यास वगळूं नये. त्याचें माप पुष्कळदां यंत्रापेक्षां खरें निघतें. जेथें बेकायदेशीर भराव झालाच आहे आणि अर्ज-विनंत्यांस दाद मिळत नाहीं, तेथें २०१० च्या कायद्यानें स्थापलेलें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, त्याचें एक पीठ पुण्यास आहे. परंतु पुण्यास जावें लागणें म्हणजे गांवांत काम झालें नाहीं असाच त्याचा अर्थ.

जागा घेणाऱ्यानें स्वतः काय करावें? खरेदीखताआधीं भूमि अभिलेख कार्यालयांतून त्या गटाच्या नकाशाची आणि गांवनकाशाची प्रत काढावी. गांवनकाशावर ओढा आपल्या वळणांसह दाखविलेला असतो, आणि मुरूम टाकल्यानें तो कागदावरून पुसला जात नाहीं. तो नकाशा घेऊन जागेवर उभें राहावें, ओढा कोठून येतो व कोठें जातो तें बोटानें काढावें, सातबाऱ्यावरील पोटखराबाचें अक्षर वाचावें. विकणारा म्हणेल, साहेब, येथें कधींच पाणी येत नाहीं. त्यास म्हणावें, मग व्यवहार दिवाळीला करूं. मधला पावसाळा आपण दोघे मिळून पाहूं.